शिळेच्या मधल्या ओळी

१७ फेब्रुवारी, सोमवार

नीनाने नोंद ठेवायला सांगितली, म्हणून ही वही काढली. एरवी मला लिहिण्याचा सोस नाही.

माझे पती देवदत्त यांना चार डिसेंबरला पक्षाघात झाला. पाय बराच सुधारला, उजवा हात अजून कमजोर आहे, आणि वाचा गेली. आवाज आहे, पण शब्द सापडत नाहीत. समजते सगळे. औषध पाच मिनिटे उशिरा दिले तर घड्याळाकडे बघतात, यावरून मला ते डॉक्टरांनी सांगण्याआधीच कळले होते.

नीना वाचा-उपचार करते. मंगळवारी आणि शुक्रवारी घरी येते. देवदत्त दिवसभरात स्वतःहून कोणते शब्द बोलतात ते रोज टिपायचे आहे. ते मी इंग्रजीत, रकाने आखून, वेगळ्या वहीत टिपणार. गावाच्या पाण्याच्या प्रयोगशाळेत अठ्ठावीस वर्षे नोकरी केली आहे. नोंदी ठेवणे हे काही मला नवे नाही. पण रकान्यात न बसणारेही काही उरते. ते इथे.

आज दोनदा बर्फ उपसले. त्यांना मोजे चढवायला अकरा मिनिटे लागली. मी त्र्याहत्तर वर्षांची आहे आणि थकले आहे. एवढे एकदा लिहून टाकले, आता पुन्हा लिहायला नको.

१८ फेब्रुवारी, मंगळवार

नीना इथेच परदेशात जन्मलेली, आई सांगलीची. मराठी समजते, बोलायची वेळ आली की इंग्रजीत पळते. मला काकू म्हणते.

तिने देवदत्तांना विचारले, नाश्त्याला काय होते. मी म्हटले, उपमा. तिने विचारले, आवडला का. मी म्हटले, मिरची जास्त झाली होती. मग ती पेन खाली ठेवून माझ्याकडे वळली.

"काकू, यू आर व्हेरी फास्ट."

मी सांगितले, घर चालवायचे तर फास्ट असावेच लागते.

"नो, आय नो. पण काका ट्राय करतायत आणि तुम्ही आन्सर देता. टेन सेकंद्स. मनात काउंट करा, प्लीज. आणि घाईघाईने नाही हां."

दहा सेकंद. मी त्यांच्या वतीने बोलत नाही, मी वेळ वाचवते. एकोणपन्नास वर्षांच्या संसारात आमचे मोठे भांडण असे झाले नाही. त्यांना काय हवे ते मला आधीच कळत असे, बोलायची गरजच पडत नसे.

२२ फेब्रुवारी, शनिवार

आठवड्याची नोंद. हो: एकतीस वेळा, पैकी निदान सात वेळा नाही म्हणायचे होते. अरे: चार. बस: पाच. थांब: सहा, संदर्भ नाही. सतराचा पाढा पहिल्यापासून शेवटपर्यंत, न चुकता, दाढी करून देताना.

पाणी मागता येत नाही आणि सतराचा पाढा येतो. प्रयत्नात कुठेतरी कसूर आहे अशी शंका मला येते. नीना म्हणते तसे नसते, पाठांतर मेंदूत वेगळ्या ठिकाणी राहते. असेलही.

३ मार्च, सोमवार

नागपूरहून प्रल्हादरावांचा फोन. देवदत्तांचे कॉलेजमधले मित्र, तिकडे छोटा छापखाना आणि प्रकाशन चालवतात. या वर्षअखेरीस ते बंद करणार आहेत. देवदत्तांचे पुस्तक शेवटचे म्हणून छापायचे त्यांनी कबूल केले आहे, पण हस्तलिखित मेच्या पहिल्या आठवड्यात हातात हवे. प्रल्हादराव संगणकावर वाचत नाहीत. माझ्या चुलत दिराचा मुलगा प्रसाद इथे आय.टी.त आहे, तो दोन मेला भारतात जातो आहे. तो नेईल.

या पुस्तकाची सतरा वर्षे झाली. देवदत्त मोटारींच्या ब्रेकची चाचणी घेणारे इंजिनियर. निवृत्त झाले आणि विद्यापीठाच्या संध्याकाळच्या वर्गाला जाऊन इजिप्तची चित्रलिपी शिकले. मग रोज सकाळी बसने ग्रंथालय. मी डबा देत असे. विषय: प्राचीन इजिप्तमधले जग निर्माण करणारे देव.

एका देशाला जग निर्माण करायला इतके देव कशाला लागले, हा माझा पहिल्यापासूनचा प्रश्न. आतुम आदिजलातून वर आलेल्या टेकाडावर आपला आपण प्रकटला. रा रडला आणि त्याच्या आसवांची माणसे झाली. ख्नुम कुंभार, तो चाकावर मुले घडवतो. नीथ देवी, तिने सात वेळा बोलून सगळे उभे केले. आमुन लपलेला, इतर देवांनाही दिसला नाही. सहावा मेम्फिस नगरीचा प्ताह. त्याने मनात आणले, जिभेने उच्चारले, आणि जग झाले. एकदा जेवताना मी विचारले होते की यातले खरे कोणते. ते म्हणाले, त्या लोकांच्या मते सगळेच, एकाच वेळी. मी म्हटले, एका नमुन्याचे सहा निकाल आले तर पाच चुकलेले असतात. ते हसले आणि भात कालवू लागले.

पाच प्रकरणे पूर्ण आहेत. प्ताहचे अर्धे झाले होते. ते मी पूर्ण करणार. प्रल्हादरावांना तसे सांगितले. देवदत्त शेजारीच बसले होते. थांब, तीन वेळा.

९ मार्च, रविवार

प्ताहच्या प्रकरणाची टिपणे काढली. चपलांच्या खोक्यात सदतीस चिठ्ठ्या, क्रमांक न घातलेल्या. प्रयोगशाळेत असे कुणी ठेवले असते तर मी त्याला घरी पाठवले असते.

आशय असा. इजिप्तचे लोक बुद्धी हृदयात असते असे मानत. डोळे पाहतात, कान ऐकतात, नाक श्वास घेते, हे सगळे हृदयाला जाऊन सांगतात. हृदय ठरवते. जीभ हृदयाने ठरवलेले उच्चारते, आणि उच्चारले की ती वस्तू असते. देव, माणसे, गुरेढोरे, सरपटणारे, सगळे असेच झाले.

चिठ्ठी वाचता वाचता समोर पाहिले. ते खुर्चीत बसून माझ्याकडे बघत होते. हृदय जागेवर, जीभही जागेवर, मधला रस्ता बंद. मी चिठ्ठी खाली ठेवली आणि भाजी निवडायला गेले.

हे सगळे एका काळ्या शिळेवर कोरलेले आहे. एका राजाला जुनी, किड्यांनी खाल्लेली पोथी सापडली, ती नष्ट होऊ नये म्हणून त्याने दगडात उतरवली. पुढे तो दगड कुणाच्या तरी हाती लागला. त्याच्या मधोमध चौकोनी भोक आहे, भोवती खाचा आहेत. त्यावर दळण दळले असे बरेच जण मानतात. त्यात मधल्या ओळी झिजून गेल्या.

देवदत्तांनी समासात लिहिले आहे: 'केवढी हानी.' मला दळणारीची बाजू दिसते. तिला कुठे वाचता येत होते? आणि येत असते तरी पीठ लागतेच.

१४ मार्च, शुक्रवार

मधल्या ओळी मी भरल्या. उगाच नाही. आधीच्या आणि नंतरच्या ओळी वाचून, त्यांच्याच इतर प्रकरणांतली वाक्यरचना पाहून, दोन परिच्छेद लिहिले. पुस्तकात भोक ठेवून कसे चालेल? वाचकाने काय करायचे?

दुपारी त्यांना वाचून दाखवले. पहिल्या परिच्छेदातच थांब, थांब. मी म्हटले, होतच आले आहे. दुसरा संपवला. त्यांनी डाव्या हाताने कागद ओढला, पेन्सिल घेतली आणि दोन्ही परिच्छेदांवर आडवी रेघ मारली. कागद फाटला.

मला वाईट वाटले असे लिहायला हवे. राग जास्त आला. अक्षर आवडले नसेल, किंवा मी त्यांच्या कामाला हात लावला म्हणून असेल. पुरुषांना वाटते की काम त्यांचे आणि त्याचा रगाडा इतरांचा. मी स्वच्छ कागदावर पुन्हा उतरवून ठेवले.

आज नीनासमोरही थांब, चार वेळा. संदर्भ नाही.

२१ मार्च, शुक्रवार

आसावरीचा फ्रीमाँटहून व्हिडिओ कॉल. आमची मुलगी. दोघांनी तिकडे राहायला यावे, खालच्या मजल्यावर खोली आहे, बर्फ नाही, वगैरे. मी म्हटले, बाबांना इथली सवय आहे, ते येणार नाहीत. नात केया मागून ओरडली, "हाय आज्जी, हाय आबा," आणि पळाली.

"आई, बाबांना विचार ना एकदा."

मी वळून विचारले, अहो, फ्रीमाँटला जायचे का? नको ना? आणि आसावरीला सांगितले, नको म्हणतात.

ती म्हणाली, "तूच विचारलंस आणि तूच उत्तर दिलंस. मी लहानपणापासून हेच बघत आलेय."

देवदत्तांनी टेबलावर हात आपटला. मला वाटले तिच्या बोलण्याचा राग आला. फोन ठेवला.

३० मार्च, रविवार, पाडवा

घरामागच्या लाकडी डेकवर गुढी. थंडी इतकी की कडुलिंबाचा डबा उघडताना बोटे वळेनात. पाने वाळलेलीच, दुकानातली.

आपल्याकडे ब्रह्मदेवाने आजच्या दिवशी सृष्टी केली म्हणतात. देवदत्तांनी पाडव्याला पुस्तक संपवायचे ठरवले होते, गेल्या पाडव्यालाही ठरवले होते. प्रसाद जेवायला आला होता. श्रीखंड त्याने तीन वेळा घेतले. हस्तलिखिताचे कसे होणार म्हणाले तर म्हणतो, "काकू, टेन्शन नका घेऊ यार, मी आहे ना." मी त्याला विचारले, मी तुझी यार आहे का? तो लाल झाला. देवदत्त हसले, मोठ्याने. डिसेंबरनंतर पहिल्यांदा.

जेवल्यावर तो त्यांच्याजवळ बसला आणि मोबाइल खिशात ठेवून नुसता बसून राहिला. मी भांडी घासत होते. बाहेर आले तेव्हा देवदत्तांनी त्याला 'ढगा' असे काहीतरी सांगितले, असे तो म्हणाला. मागून पुन्हा विचारले तेव्हा म्हणाला, "अहो काकू, काही नाही, दहा-पंधरा मिनिटं लागली त्यांना. ढगाळ आहे म्हणत होते."

माझ्याशी हवामान बोलले नाहीत. फार थकले आहे.

४ एप्रिल, शुक्रवार

नीनाने सहा आठवड्यांची नोंद पाहिली. नीटनेटकी आहे म्हणाली. मग एक रकाना वाढवायला सांगितला: शब्दाच्या लगेच आधी खोलीत काय चालले होते. आणि जमल्यास जुन्या नोंदींनाही भरा.

"व्हाय?" असे मी तिच्याच भाषेत विचारले. ती म्हणाली, "जस्ट डेटा, काकू."

डेटा म्हटल्यावर मी नाही म्हणू शकत नाही, हे तिला कुणी सांगितले कोण जाणे.

६ एप्रिल, रविवार

रकाना भरला. आठवणीतून आणि या वहीतून. 'थांब'ची जेवढी खात्रीने आठवली तेवढी घेतली, शंकेची सोडली. एकूण सव्वीस.

सव्वीसच्या सव्वीस वेळा मी बोलत होते.

पुन्हा तपासले. एका नोंदीत मिक्सर चालू होता. पण मिक्सरवरून मी ओरडून काही सांगत होते, तेही आठवले.

'संदर्भ नाही' असे मी सव्वीस वेळा माझ्या हाताने लिहिले आहे. प्रयोगशाळेत कुणी असे केले असते तर.

८ एप्रिल, मंगळवार

पाण्याचा कठीणपणा मोजायचा तर नळीतून द्रावण थेंब थेंब सोडायचे असते. आधी रंगद्रव्य घातलेले पाणी वाइनसारखे लाल असते. थेंब, हलवा, बघा. थेंब, हलवा, बघा. निळे झाले की तिथे थांबायचे. घाई केली, दोन थेंब जास्त पडले, की निकाल गेला. नवीन मुलींना मी सांगत असे, तुमची घाई पाण्याला कळत नाही. एकीला मी यावरून रडवले होते. तिचे नाव आता आठवत नाही.

आज जेवताना विचारले, वरण कसे झाले आहे. आणि थांबले. दहापर्यंत मोजले. दहा फार असतात. त्यात मला तीन उत्तरे सुचली, तिन्ही गिळली. वीसपर्यंत मोजले. त्यांचे ओठ हलले, बंद झाले, हलले.

"मीठ."

मी घालायला विसरले होते. त्यांनी बोट दाखवले नाही, ताट सरकवले नाही. मीठ म्हणाले आणि मीठ आले. रकान्यात लिहिले: मीठ, १, स्वतःहून, चोवीस सेकंद.

१६ एप्रिल, बुधवार

मधल्या ओळींचा कागद पुढे ठेवला. विचारले, इथे काय हवे? हातात घड्याळ घेतले नाही. खिडकीबाहेर शेजारच्यांचा कुत्रा दोनदा येऊन गेला.

"रि," म्हणाले. मग डोळे मिटले. मग, "रिकामं."

मी म्हटले, रिकामे कसे ठेवणार, वाचक... आणि तिथेच गप्प झाले. ते वाट बघत होते, मी गप्प होते का ते.

त्यांनी डावा तळहात कागदावर ठेवला, मधोमध, आणि तसाच ठेवला. बऱ्याच वेळाने म्हणाले, "मला. माहीत. नाही."

मी विचारले, मधल्या ओळींत काय होते ते माहीत नाही? हो म्हणाले. हा हो खरा होता.

सतरा वर्षे वाचून हा माणूस सांगतो की माहीत नाही, आणि मी एका दुपारी दोन परिच्छेद लिहिले. तेच छापायचे का विचारले, हो म्हणाले: 'या जागी काय होते ते मला माहीत नाही.' एवढे वाक्य आणि खाली अर्धे पान कोरे. मी रेघ मारून विचारले, इथून इथपर्यंत? त्यांनी पट्टी घेऊन तीन सेंटिमीटर वाढवले.

माझे परिच्छेद फाडले. चांगले होते, तरी.

२५ एप्रिल, शुक्रवार

नऊ दिवसांत प्रकरणाचा उरलेला भाग. चिठ्ठ्यांतला मजकूर तसाच उतरवायचा, जोडणारी वाक्ये त्यांची: सकाळी दोन, दुपारी एक. काही दिवशी एकच. चिठ्ठी पुढे धरायची, हो की नाही, आधी की नंतर, आणि थांबायचे. मधून मधून चुकते, मी शब्द पुरवते, मग थांब ऐकते, आणि थांबते. इतके बसून मान अवघडली आहे. बर्फ उपसणे सोपे होते.

शेवटच्या वाक्यात प्ताह सगळे करून झाल्यावर काय करतो ते आहे. चिठ्ठीवर त्यांनी पूर्वीच लिहून ठेवले होते: 'विसावला.' मी विचारले, बदलायचे का? नाही म्हणाले.

आसावरीशी बोलले. फ्रीमाँटचे बाबांना विचारले आहे, उत्तर यायचे आहे, असे सांगितले. ती म्हणाली, किती दिवसांनी? मी म्हटले, त्यांना विचार.

३० एप्रिल, बुधवार

दोन दिवस देवदत्त पुस्तकाच्या सुरुवातीचे एक पान उशाखाली ठेवतात. अर्पणपत्रिकेचे. डाव्या हाताने काहीतरी लिहितात आणि मी आले की उलटे करतात. मी विचारले, कुणाला अर्पण, आईंना? मोजत राहिले. साठनंतर सोडून दिले. चादर बदलायची होती.

२ मे, शुक्रवार

प्रसाद साडेदहाला आला, विमानतळावर जायच्या वाटेवर, गाडी चालूच. मी यादी करून ठेवली होती. दारातच एकेक वस्तू हातात देत वाचायला लागले. पाचव्या वस्तूला देवदत्त आतून म्हणाले, "थांब."

मी थांबले. प्रसादही थांबला, पिशवी हातात. गाडीचा आवाज येत होता. प्रसादने घड्याळाकडे पाहिले, मी त्याच्याकडे पाहिले, त्याने हात खाली केला. त्यांचे ओठ हलत होते. मला उत्तर माहीत नव्हते, खरोखर नव्हते.

"त्याला," म्हणाले. मग पुष्कळ वेळ. "चहा दे."

प्रसादने गाडी बंद केली. चहा झाला. तिघांनी घेतला.

प्रसाद यांच्या हाती, प्रल्हादराव यांच्यासाठी, आज दिले ते:

१. हस्तलिखित, सहा प्रकरणे, पाने २११. पैकी १ ते १८८ लेखकाच्या हातची. १८९ ते २११ माझ्या हातची, शब्द लेखकाचे.

२. चित्रे चौदा, मागे क्रमांक.

३. पान २०३: एक वाक्य, खाली कोरे. चुकून राहिलेले नाही. कोरे तसेच, मोजून, छापावे. भरू नये.

४. चिठ्ठ्या सदतीस, आता क्रमांक घातलेल्या.

५. करारपत्र, लेखकाची डाव्या हाताची सही.

६. वाटेसाठी डबा, हा प्रसादचा.

अर्पणपत्रिका दिलेली नाही. लेखकाचे लिहून व्हायचे आहे. दोन अक्षरे झाली आहेत असे ते सांगतात. मी पाहिलेली नाहीत. प्रल्हादरावांना निरोप: थांबावे.